इस्तंबूल कसे पाहावे?



वसंतातील या ज्ञानसत्रात राज्यकारभार, अर्थकारण, तत्त्वज्ञान असे भारदस्त विषय मांडण्याची प्रथा आहे. त्यांच्या पंक्तीला स्थलदर्शनाचा विषय आणून बसवणे काहींना धाडसाचे वाटेल. प्रवास ही हौसेची बाब. ज्याच्याजवळ पैसा आणि सवड आहे त्याने तो करावा, इतरांनी त्याची वर्णने ऐकावीत, एवढेच त्याचे महत्त्व, असा सर्वसाधारण समज आहे. आमचे म्हणणे थोडे निराळे आहे. परक्या नगरीकडे कोणत्या नजरेने पाहावे हा हौसेचा नव्हे, विवेकाचा प्रश्न आहे. आणि इस्तंबूलमध्ये तो जितक्या ठळकपणे पुढे उभा राहतो तितका फार थोड्या शहरांत राहत असेल. म्हणून आज आम्ही आपल्यापुढे प्रवासवर्णन मांडणार नाही. ते नगर कसे पाहावे, एवढेच सांगणार आहो.

प्रथम शहराची मांडणी ध्यानात घेऊ. काळा समुद्र आणि मार्मारा समुद्र यांना जोडणारी, सुमारे तीस किलोमीटर लांबीची बॉस्फरसची सामुद्रधुनी. तिच्या एका काठी युरोप, दुसऱ्या काठी आशिया. युरोपच्या बाजूस जमिनीत शिरलेला एक चिंचोळा पाण्याचा पट्टा, त्याला तुर्क 'हालिच' म्हणतात आणि युरोपीय लोक 'सुवर्णशृंग'. या शिंगाच्या आणि मार्माराच्या मध्ये जो त्रिकोणी भूभाग सापडतो तेच जुने शहर. ग्रीकांनी ते वसवले तेव्हा त्याचे नाव बायझांटियन. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन याने इ. स. 330 मध्ये तेथे नवी राजधानी केली आणि ते कॉन्स्टँटिनोपल झाले. 29 मे 1453 रोजी एकवीस वर्षांच्या सुलतान दुसऱ्या महंमदाने ते जिंकले. 1923 मध्ये राजधानी अंकाराला गेली. म्हणजे जवळजवळ सोळाशे वर्षे हे नगर साम्राज्यांची राजधानी होते. आज तेथील लोकवस्ती दीड कोटीच्या वर आहे.

आता इतक्या मोठ्या आणि इतक्या जुन्या नगरीत पर्यटक बहुधा तीन दिवस असतो. पहिल्या दिवशी आया सोफिया, निळी मशीद आणि तोपकापी राजवाडा. दुसऱ्या दिवशी बाजार आणि बॉस्फरसवरील नौकाविहार. तिसऱ्या दिवशी दोल्माबाहचे आणि खरेदी. या क्रमाला आमचा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो एवढाच की, या तीन दिवसांत तो जे पाहतो ते सारे टिकलेले असते. जे टिकले नाही त्याची तिकिटे विकली जात नाहीत. म्हणून आमची सूचना अशी की, इस्तंबूलमध्ये प्रत्येक वास्तूपुढे उभे राहून तीन प्रश्न विचारावेत. हे कोणी बांधले? आज हे कोणाच्या हाती आहे? आणि जो येथे असायला हवा होता, पण नाही, असा कोण? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे वाटाड्या देतो. तिसरा प्रश्न आपला आपणच विचारावा लागतो.

आरंभ मैदानापासून करू. 'मैदान' हा शब्द तुर्कांचाही आहे. आया सोफियाजवळच्या लांबट चौकाला ते 'आत मेयदाने', म्हणजे घोड्यांचे मैदान म्हणत. रोमन काळी येथे रथांच्या शर्यती होत. आज तेथे एक उंच इजिप्शियन स्तंभ उभा आहे. फारो तिसरा थुतमोस याने तो कार्नाकच्या मंदिरासाठी घडवला आणि सम्राट थिओडोसियसने इ. स. 390 मध्ये येथे उभा केला. त्याच्याजवळ पिळदार सर्पांचा एक मोडका ब्राँझचा खांब आहे. इ. स. पूर्व 479 मध्ये ग्रीकांनी इराण्यांचा पराभव केला, त्या विजयाचे स्मारक म्हणून तो डेल्फीच्या देवस्थानात वाहिला होता. म्हणजे एका मैदानावर एक वस्तू इजिप्तमधून उचललेली आणि दुसरी ग्रीसमधून. आणि या मैदानाची शोभा असलेले चार ब्राँझचे घोडे कोठे आहेत? ते व्हेनिसला. 1204 मध्ये ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांनीच हे ख्रिस्ती नगर लुटले तेव्हा ते गेले. लुटणारा एकाच धर्माचा आणि लुटला जाणारा दुसऱ्याच धर्माचा, असे सोपे कोष्टक घेऊन जो या नगरीत येतो त्याचे कोष्टक या पहिल्याच मैदानात बिघडते.

भाषेचीही येथे मौज आहे. मराठी माणसाला इस्तंबूलच्या पाट्या वाचताना वारंवार थबकायला होते. हवा, दुनिया, बाजार, साबण, वकील, हिशेब हे शब्द थोड्याफार फरकाने तेथे भेटतात, कारण अरबी-फारसीच्या एकाच पाणवठ्यावर तुर्की आणि मराठी दोघीही पाणी भरून आल्या आहेत. काही शब्द तर थेट तुर्कीचे. 'तोपकापी' म्हणजे तोफेचा दरवाजा. आपली 'तोफ' आणि त्यांचे 'तोप' एकच. 'तोपहाने' नावाचा एक भागच शहरात आहे. तेथे सुलतानांच्या तोफा ओतल्या जात. हा केवळ शब्दांचा संबंध नाही. विजापूरच्या तटावरील 'मलिक-ए-मैदान' ही प्रचंड तोफ 1549 मध्ये अहमदनगर येथे ओतली गेली आणि ती ओतणारा कारागीर 'रूमी' म्हणून प्रसिद्ध आहे. रूम म्हणजे रोमन साम्राज्याचा, पुढे उस्मानी तुर्कांचा झालेला मुलूख. 1453 मध्ये या शहराचे हजार वर्षे अभेद्य राहिलेले तट ज्या विद्येने फोडले, ती विद्या शंभर वर्षांच्या आत आपल्या दख्खनमध्ये येऊन पोचली होती. गंमत अशी की, सुलतानाची ती मोठी तोफ ओतणारा ओर्बान हा तुर्क नव्हता. तो हंगेरीकडचा ख्रिस्ती होता, आणि त्याने आपली विद्या आधी तटाच्या आतल्या सम्राटाला देऊ केली होती. सम्राटाच्या तिजोरीत पैसा नव्हता.

आता आया सोफियाकडे वळू. तेथे थोडे अधिक थांबले पाहिजे.

सम्राट जस्टिनियनने 532 मध्ये काम सुरू केले आणि 537 मध्ये, म्हणजे अवघ्या पाच वर्षांत, हे चर्च पुरे झाले. अँथेमियस आणि इसिडोर हे त्याचे रचनाकार. घुमटाचा व्यास सुमारे 31 मीटर, जमिनीपासून उंची सुमारे 55 मीटर. आपल्यापैकी ज्यांनी विजापूरचा गोलघुमट पाहिला असेल ते म्हणतील की, तो याहून रुंद आहे. खरे आहे, पण गोलघुमट सतराव्या शतकातला. आया सोफिया त्याच्या अकराशे वर्षे आधीची. चौकोनी जागेवर गोल घुमट बसवायचा तर कोपऱ्यांचे करायचे काय, हा अवघड प्रश्न तिच्या रचनाकारांनी चार वक्र त्रिकोण उभारून सोडवला. घुमटाच्या तळाशी चाळीस खिडक्या आहेत. त्यांतून सकाळचे ऊन आत आले म्हणजे एवढा भार कशावरच टेकलेला नाही असे वाटते. हा भार टेकलेला आहे याची आठवण मात्र भूकंपांनी दिली. 558 मध्ये पहिला घुमट कोसळला. दुसरा अधिक उंच बांधून 562 मध्ये पुन्हा उद्घाटन झाले. पुढेही दुरुस्त्या होतच राहिल्या. सोळाव्या शतकात सिनान या उस्मानी स्थपतीने बाहेरून भक्कम धिरे बांधले. ज्यांनी चर्च बांधले त्यांची कीर्ती आपण गातो; ज्यांनी ती मशीद झाल्यावर पडू दिली नाही त्यांचेही ऋण मानले पाहिजे. हाती आलेली वास्तू वापरली गेली म्हणूनच ती टिकली.

916 वर्षे ती चर्च होती. 1453 पासून मशीद झाली. 1934 च्या निर्णयाने अतातुर्कच्या सरकारने तिचे संग्रहालय केले आणि 1935 मध्ये ते खुले झाले. जुलै 2020 मध्ये तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरवला आणि 24 जुलै रोजी तेथे पुन्हा नमाज पढला गेला. जानेवारी 2024 पासून परदेशी पर्यटकांनी वेगळ्या दाराने, पंचवीस युरो देऊन, वरच्या सज्जात जावे अशी व्यवस्था झाली. खालच्या दालनात उपासक, वरच्या सज्जात प्रेक्षक. दालनाच्या टोकाशी असलेले मेरीमातेचे चित्र नमाजाच्या वेळी पडद्याने झाकले जाते.

येथे भिन्न भिन्न प्रवाशांच्या मनांत भिन्न भिन्न भाव उठतात. ग्रीक माणसाला ते आपले हरवलेले देऊळ वाटते. धर्मनिष्ठ तुर्काला ते परत मिळालेले प्रार्थनास्थान वाटते. तिसऱ्या एखाद्या तुर्काला संग्रहालय गेल्याचे दुःख असते, कारण त्याच्या मते ते कोणा एकाचे नसल्यामुळेच सर्वांचे होते. आमचे स्वतःचे मत या तिसऱ्याच्या बाजूचे आहे, ते आम्ही लपवीत नाही. परंतु पाहुण्याने यजमानाच्या घरात शिरताच निवाडा द्यायला बसावे काय? ज्या देशात वास्तूंच्या मालकीवरून आपली स्वतःची भांडणे मिटलेली नाहीत, त्या देशातून गेलेल्या प्रवाशाने तरी घाई करू नये. त्याने आधी नीट पाहावे.

आणि वरच्या सज्जात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. ख्रिस्ताचे, मेरीचे आणि बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचे एक विशाल कुट्टिमचित्र आहे. खालचा बराचसा भाग नाहीसा झाला आहे, पण चेहरे शाबूत आहेत आणि त्यांवरील करुणा शब्दांत सांगता येत नाही. जवळच जमिनीत 'दांदोलो' असे नाव कोरलेली, नंतरच्या काळात बसवलेली फरशी आहे. 1204 च्या लुटीचा पुढारी, व्हेनिसचा वृद्ध आणि अंध अधिपती, याच वास्तूत पुरला गेला होता. आणि तेथेच एका संगमरवरी कठड्यावर उत्तरेकडच्या रून लिपीत कोणी हाल्फदान नावाच्या माणसाने आपले नाव खरवडून ठेवले आहे. तो सम्राटाच्या चाकरीतला व्हायकिंग शिपाई असावा. सिंहगडच्या तटावर नाव कोरणारा आपला तरुण आणि हा हाल्फदान यांची जात एकच. फरक इतकाच की, हजार वर्षे लोटली म्हणजे खोडीलाही संशोधक मिळतो. आपल्या तरुणांनी मात्र हजार वर्षे थांबण्याच्या भरवशावर हा उद्योग करू नये!

आया सोफियाहून थोड्या अंतरावर जमिनीखाली उतरावे. येरेबातान हे जस्टिनियनच्याच काळचे पाण्याचे टाके आहे. 336 खांब, अठ्ठावीस अठ्ठाविसांच्या बारा रांगा. खांब पुष्कळसे जुन्या इमारतींतून आणलेले. दोन खांबांखाली तर मेडूसा राक्षसीची शिरे, एक आडवे आणि एक उलटे, नुसते दगड म्हणून घातली आहेत. ज्या वस्तूला आज आपण काच लावून ठेवू, ती त्या गवंड्याला उंची जुळवण्यापुरती कामाची वाटली. ख्रिस्ती साम्राज्याने जुन्या देवतांच्या देवळांचे काय केले याचे उत्तर या पाण्यात उभे आहे.

तेथून सुलेमानिये मशिदीकडे चढावे. सुलतान सुलेमानासाठी सिनानने ती 1550 ते 1557 या काळात बांधली. सिनान हा कैसेरीजवळच्या खेड्यातील ख्रिस्ती घरातला मुलगा. सुलतानाच्या चाकरीसाठी घेतला गेलेला, मुसलमान झालेला, सैन्यात पूल बांधता बांधता मुख्य स्थपती झालेला. ही मशीद एकटी उभी नाही. तिच्याभोवती पाठशाळा, रुग्णालय, स्नानगृह, धर्मशाळा आणि 'इमारेत' आहेत. हा शब्द ऐकून मराठी कान टवकारतात. आपली 'इमारत' म्हणजे बांधकाम. त्यांची 'इमारेत' म्हणजे गोरगरिबांना, विद्यार्थ्यांना आणि वाटसरूंना रोज शिजवलेले अन्न देणारे स्वयंपाकघर, म्हणजे आपले अन्नछत्र. एकाच अरबी मुळातून निघालेला शब्द एका भाषेत भिंतींपाशी थांबला आणि दुसरीत चुलीपर्यंत गेला. एवढ्या वैभवशाली वास्तूच्या कडेला, भिंतीच्या एका कोपऱ्यात, सिनानची स्वतःची लहानशी कबर आहे. बहुतेक पर्यटक तिच्यावरून तसेच निघून जातात.

तोपकापी राजवाड्याविषयी विस्तार करीत नाही. तेथील रत्ने आणि जनानखाना यांची वर्णने सर्वत्र मिळतात. आम्ही इतकेच सुचवू की, रत्नांच्या दालनातील गर्दीत तास घालवण्यापेक्षा स्वयंपाकघरांत जावे. तेथे चिनी मातीची दहा हजारांवर भांडी आहेत, आणि साम्राज्य म्हणजे मुख्यतः हजारो माणसांना रोज जेवू घालण्याची व्यवस्था होती हे तेथे कळते. झाकलेला बाजार, 'कापालीचार्शी', साठांवर गल्ल्यांचा आणि सुमारे चार हजार दुकानांचा आहे. तेथे एक गोष्ट शिकावी : दुकानदाराने दिलेला चहा प्यायल्याने गालिचा घेण्याचे बंधन येत नाही!

राजवाड्याच्या आणि मशिदींच्या दारांवरील सुंदर अरबी लिपीतील लेख मात्र अवश्य पाहावेत आणि एखाद्या तुर्क तरुणाला त्यांचा अर्थ विचारावा. बहुधा तो हसून मान हलवील. 1928 मध्ये तुर्कस्तानने लॅटिन लिपी स्वीकारली; आजोबांच्या कबरीवरचा लेख नातवाला वाचता येईना. याचे आपण नवल करू नये. आपल्या पेशवे दफ्तरातील कोट्यवधी कागद मोडीत आहेत. या सभागृहात मोडी वाचणारे किती निघतील?

बॉस्फरसच्या काठी दोल्माबाहचे हा एकोणिसाव्या शतकातील राजवाडा. उस्मानी सुलतानासाठी तो बाल्यान या आर्मेनियन स्थपति-घराण्याने बांधला. मार्च 1924 मध्ये येथूनच अखेरचा खलिफा अब्दुलमजीद याला रातोरात हद्दपार करण्यात आले. आपल्याकडे ज्या खिलाफतीसाठी चळवळ झाली होती तिचा शेवट परकीयांनी नव्हे, तुर्कांच्याच संसदेने केला. त्याची कन्या दुर्रुशेहवार हिचा 1931 मध्ये हैदराबादच्या निजामाच्या थोरल्या मुलाशी फ्रान्समध्ये विवाह झाला. म्हणजे बॉस्फरसकाठी जन्मलेली ही राजकन्या, ज्या राज्यात आपला मराठवाडा 1948 पर्यंत होता, त्या राज्याची सून झाली. आणि याच राजवाड्यात, खिलाफत संपवणाऱ्या अतातुर्कने 10 नोव्हेंबर 1938 रोजी देह ठेवला.

आतापर्यंत पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळत आली. तिसऱ्यासाठी सुवर्णशृंगाच्या काठाने फेनेर आणि बालात या वस्त्यांत जावे. बालात ही ज्यूंची जुनी वस्ती. 1492 मध्ये स्पेनने ज्यूंना हाकलले तेव्हा सुलतान दुसऱ्या बायझीदने त्यांना आसरा दिला. त्यांनी पुढच्याच वर्षी या शहरात पहिला छापखाना घातला. फेनेर ही ग्रीकांची वस्ती. तेथे पूर्वेकडील ख्रिस्ती धर्मपीठ आजही आहे. त्या धर्मपीठाचा मधला दरवाजा बंद आहे. 1821 मध्ये ग्रीकांनी बंड केले तेव्हा सुलतानाच्या हुकमाने धर्मगुरू पाचवा ग्रेगरी याला त्या दरवाजात फाशी दिले. तेव्हापासून तो उघडला गेला नाही. लोक बाजूच्या दाराने जातात.

टेकडीवर लाल विटांचे एक भव्य ग्रीक विद्यालय दिसते. इमारत शेकडो मुलांच्या मापाची, मुले मूठभर. कारण माणसेच राहिली नाहीत. 1923 मध्ये ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी लोकसंख्येची अदलाबदल केली. सुमारे बारा लाख ख्रिस्ती तिकडे गेले, चार लाखांच्या आसपास मुसलमान इकडे आले. इस्तंबूलच्या ग्रीकांना त्यातून वगळले होते. त्यांची संख्या लाखाच्या घरात होती. पण 1942 मध्ये संपत्तिकर बसला आणि त्याचा भार मुख्यतः ग्रीक, आर्मेनियन आणि ज्यू व्यापाऱ्यांवर पडला. 6 सप्टेंबर 1955 च्या रात्री, सॅलोनिका येथील अतातुर्कच्या जन्मघरी बाँब पडल्याच्या बातमीवरून जमाव उठला आणि ग्रीकांची दुकाने, घरे, चर्चे फोडली. आज पर्यटक ज्या इस्तिकलाल रस्त्यावर मिठाई खात हिंडतात तो त्या रात्री फुटक्या काचांनी आणि फाडलेल्या कापडाच्या ताग्यांनी भरला होता. 1964 मध्ये ग्रीक नागरिकत्व असलेल्यांना घालवून दिले. आज शहरात दोन-तीन हजार ग्रीक उरले असतील.

हे सांगताना न्याय दोन्हीकडे केला पाहिजे. ज्या सॅलोनिकात अतातुर्क जन्मला तेथील मिनार बहुतेक सारे नाहीसे झाले, आणि अथेन्सच्या मुसलमानांना सरकारमान्य मशीद 2020 च्या नोव्हेंबरात मिळाली. म्हणजे एका काठावर जे घडले त्याचे प्रतिबिंब दुसऱ्या काठावर आहे. आणि 1947 पाहिलेल्या देशातील श्रोत्यांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

आमचा मुख्य मुद्दा आता स्पष्ट झाला असेल. वास्तू जपणे तुलनेने सोपे असते. तिला धिरे देता येतात, तिची तिकिटे काढता येतात, ती एका धर्माची दुसऱ्या धर्माची झाली तरी उभी राहते. शेजारी जपणे कठीण असते, आणि एकदा गेलेला शेजारी दुरुस्तीच्या कोणत्याही कामाने परत येत नाही. आया सोफिया कोणाची, या वादात जगातील विद्वान गुंतले असताना, तिच्या घंटा ऐकलेल्यांचे वंशज एकेक करून त्याच शहरातून निघून गेले. वादाचा आवाज मोठा होता. त्यांच्या जाण्याचा आवाज झाला नाही. जो प्रवासी घुमटाचा व्यास लक्षात ठेवतो आणि फेनेरच्या बंद दारापुढे थांबत नाही, त्याने इस्तंबूल अर्धेच पाहिले असे आम्ही म्हणू.

यावरून कोणी असे समजू नये की, ते शहर उदास आहे. संध्याकाळी एमिनोन्यूच्या धक्क्यावरून उस्कुदारला जाणाऱ्या नावेत बसावे. हातात चहाचा कमनीय पेला, तिळाचे कडे म्हणजे 'सिमित', मागे धावणारे समुद्रपक्षी. कामावरून परतणारे कारकून, विद्यार्थी, भाजीची पिशवी घेतलेल्या बाया. वीसेक मिनिटांत युरोप संपतो आणि आशिया लागतो, आणि नावेतील कोणीही त्यासाठी मान वर करून पाहत नाही. हे लोक रोज दोन खंडांत सहज वावरतात. त्यांच्या गतकाळाचा हिशेब त्यांनीच करायचा आहे आणि त्यांच्यातील कित्येक लेखक, इतिहासकार, पत्रकार तो धैर्याने करीतही आहेत. आपण पाहुणे. आपण त्यांच्याकडून एवढेच घेऊन यावे की, घरी परतल्यावर आपल्या गावच्या जुन्या पेठेतून जाताना, कुलूप लागलेल्या एखाद्या प्रार्थनास्थळापुढे किंवा नाव बदललेल्या एखाद्या आळीच्या तोंडाशी, तेच तीन प्रश्न आपल्यालाही सुचावेत : हे कोणी बांधले, हे कोणाच्या हाती आहे, आणि येथे असायला हवा होता, पण नाही, असा कोण?